खुंटीवरचा कोट : धाराशिव जिल्ह्यातील फोटो-स्टुडिओंच्या तयारीचा इतिहास

छायाचित्रणाचे इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने लिहिले जातात: आधी काच, मग फिल्म, मग रंगीत फिल्म आणि शेवटी डिजिटल कॅमेरा. या क्रमात कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वी छायाचित्रकार जे करतो ते हरवते. व्यक्तिचित्राच्या बाबतीत, म्हणजे ओळख पटावी आणि आठवण राहावी म्हणून माणसाला मुद्दाम समोर बसवून काढलेल्या छायाचित्राच्या बाबतीत, कामाचा मोठा भाग तोच असतो. कळ दाबायला क्षणही पुरतो. आज धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात ही तयारी कशी घडत गेली ते पाहू लागले, तर तिला परदेशी पुस्तकांइतकाच इथल्या उन्हाने, इथल्या पाण्याच्या ओढीने आणि फोटो कशासाठी हवा आहे या प्रश्नाने आकार दिला असे दिसते. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिचे वजन कळ दाबण्याच्या आधीकडून नंतरकडे सरकले, हा त्या इतिहासातला सर्वांत मोठा पालट ठरतो.

हा मुलूख निजामाच्या राज्याच्या पश्चिम कडेचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूरबरोबर नळदुर्गचा प्रदेशही कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले, आणि त्यानंतर १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानातच राहिला. मधल्या सात वर्षांच्या आरंभी नळदुर्गचा कारभार कॅप्टन फिलिप मेडोज टेलर याच्याकडे होता आणि त्याचा मुक्काम तुळजापुरी असे. टेलर कादंबरीकार म्हणून आठवला जातो. पण तो हाताने रेखाटने करणारा हौशी चित्रकारही होता, दख्खनमधील त्याच्या रेखाटनांचे पुस्तक १८३७ मध्येच लंडनला निघाले होते, आणि पुढे १८६६ मध्ये विजापूर, धारवाड व म्हैसूर येथील वास्तूंच्या छायाचित्रांचे जे मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले त्यांच्या मजकुरात जेम्स फर्ग्युसनबरोबर टेलरचाही वाटा होता. पेन्सिलीने टिपणाऱ्या पिढीतला माणूस तीस वर्षांच्या आत कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांना मजकूर पुरवू लागला, यावरून त्या काळात चित्र मिळवण्याची रीत किती वेगाने बदलत होती ते लक्षात येते.

पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कृती १८३९ मध्ये जाहीर झाली. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांत होते, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक. बालाघाट डोंगरांच्या या, धाराशिवच्या बाजूला मात्र अधिकृत कामासाठी फिरणारा कॅमेरा माणसांआधी दगडांकडे वळला. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या मोसमात बीदर व औरंगाबाद या बाजूंच्या पुरावशेषांची पाहणी केली आणि १८७८ मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांना जागा मिळाली. तो ओल्या काचेचा काळ होता. या पद्धतीत काचेवर कलोडिअन, म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या बंदुकी-कापसाचा चिकट द्रव, ओतून पसरवीत, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवीत, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत नेऊन तिच्यावरील चित्र उमटवीत. हे सारे साधारण दहा मिनिटांत उरकावे लागे, आणि कोरड्या उष्ण हवेत ईथर झपाट्याने उडून जात असल्यामुळे दख्खनी उन्हाळ्यात तेवढीही सवड मिळत नसे. अशा धांदलीत लेण्याची एक मोठी सोय होती: ते हलत नाही, आणि आपला चेहरा कसा येईल याची त्याला काळजी नसते.

माणसाच्या चित्राची तयारी ही या राज्यात आधी दरबारी गोष्ट होती, आणि तिचा मानदंड हैदराबादेत ठरला. सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले आणि रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले लाला दीनदयाळ सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार झाले. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ काढला, १८९६ मध्ये मुंबईतही, आणि निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. यंत्राने चित्र काढणाऱ्याला चित्रकाराचाच शब्द लावावा, यात त्या काळाची समजूत उघड होते, आणि मराठीतही आपण चित्र ‘काढतो’ तसाच फोटोही ‘काढतो’. या लेखाच्या दृष्टीने त्यांची अधिक महत्त्वाची कामगिरी १८९२ ची आहे. त्या वर्षी त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला, म्हणजे पडद्यातील स्त्रियांसाठी चारी बाजूंनी परक्या नजरेआड ठेवलेला स्टुडिओ, आणि तिथले काम केनी-लेव्हिक नावाच्या बाईंकडे सोपवले. दिव्यांची आणि पडद्यांची तयारी त्यानंतरची. चित्र कोण काढणार आणि त्या वेळी खोलीत कोण असणार, हे ठरवणे ही या स्टुडिओतली पहिली तयारी होती. धाराशिव, नळदुर्ग, परंडा या गावांतल्या गोशा पाळणाऱ्या घरांनाही तो प्रश्न पुढे पुष्कळ वर्षे पुरला, आणि स्त्रीच्या फोटोच्या वेळी घरचे एखादे वडीलधारे माणूस स्टुडिओत हजर असणे ही हिंदू घरांतही रीतच होती.

दरबारातून हा व्यवसाय तालुक्याच्या बाजारपेठेत उतरला तो कोरड्या काचेमुळे आणि रेल्वेमुळे. जिलेटिनचा थर दिलेली तयार काच १८७१ नंतर प्रचारात आली आणि छायाचित्रकाराची रसायनांची पेटी हलकी झाली, कारण काच आता डब्यातून विकत मिळू लागली होती. सोलापूरला मोठी रेल्वे १८६० मध्येच पोचली होती. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकी, तेर या बाजूने लातूरपर्यंत गेली. खुद्द धाराशिव शहर या मार्गावर नव्हते. सोलापूर ब्रिटिश मुलखात आणि तुळजापूर निजामाच्या, अशी सरहद्द मध्ये असल्यामुळे बाहेरचा माल आत येताना करोडगिरीच्या, म्हणजे संस्थानी जकातीच्या, नाक्यावरून येई. शिवाय पलीकडे कलदार रुपया आणि अलीकडे हाली सिक्का चाले, आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा त्यांचा भाव होता. बाहेरून आणलेली प्रत्येक काच अशी महाग पडत असल्यामुळे एका गिऱ्हाइकाला एकच काच हा हिशेब पाळावा लागे, आणि जिथे दुसरी संधी नसते तिथे पहिल्या संधीची तयारी लांबत जाते. स्टुडिओत माणसाला बसवायला लागणारा वेळ बघून आज हसू येते, पण त्यामागे हा रोकडा हिशेब होता.

वीज येण्यापूर्वी उजेड ही छायाचित्रकाराची पहिली सामग्री, आणि त्याबाबत युरोपातील पुस्तकांचा एक ठाम नियम होता: स्टुडिओची काच उत्तरेकडे ठेवावी, कारण उत्तरेकडून सूर्य कधी थेट आत येत नाही, आणि दिवसभर मऊ, एकसारखा उजेड मिळतो. लंडन-पॅरिसला हा नियम जवळजवळ बारमाही चालतो. धाराशिव मात्र विषुववृत्ताच्या उत्तरेला अठरा अंशांच्या किंचित वर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्याच्या आगेमागे पुष्कळ दिवस सकाळचे व संध्याकाळचे तिरपे ऊनही उत्तरेच्या खिडकीतून आत येते. लग्नसराई नेमकी याच दिवसांत ऐन भरात असते. ज्या दिवसांत गिऱ्हाइकांची रीघ, त्याच दिवसांत पुस्तकातला उत्तरेचा उजेड दगा देणार, अशी ही अडचण होती, आणि तिच्यावरचा उपाय स्वस्त व देशी होता: काचेला आतून पांढरे धोतर किंवा मांजरपाट ताणून बांधायचे, ऊन वाढले की दुसरा पदर ओढायचा, आणि चेहऱ्याच्या काळवंडलेल्या बाजूला पांढरी चादर धरून तिथे उजेड परतवायचा. आजच्या स्टुडिओतील सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यापुढे लावलेली पांढऱ्या कापडाची पेटी, आणि रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारा फलक, हे याच दोन कापडांचे वंशज आहेत. उजेडाचे माप घेणारे यंत्र फारच थोड्यांकडे असे. हाताच्या पंजाची सावली भिंतीवर किती गडद पडते ते पाहून ‘किती वेळ उघडे ठेवायचे’ हे ठरे.

उजेडानंतर चेहरा. जुन्या काचांना निळा रंग फार दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे हिरवा व पिवळा रंग ओळखणाऱ्या, काचा आणि फिल्म यांनाही तांबडे काळेच वाटे. या एका रासायनिक गोष्टीचे परिणाम आपल्याकडे वेगळेच झाले. कुंकू चित्रात काळेभोर उमटे; तुळजाभवानीच्या भक्ताच्या कपाळावरचा मळवट, म्हणजे हळदीकुंकवाने भरलेले सगळे कपाळ, त्यात जखमेसारखा दिसण्याचा धोका असे; इरकली लुगड्याचा तांबडा पदर काळा पडे आणि फिकट निळे लुगडे पांढरे होई; पुरुषाचा पांढरा पटका उजेडाने इतका जळून जाई की त्याच्या पिळांचा तपशील राहत नसे. सावळ्या कातडीत तांबूस-तपकिरी छटा अधिक असल्यामुळे ती चित्रात प्रत्यक्षाहून काळी येई. यात दोष काचेचा होता, पण खापर चेहऱ्यावर फुटे. म्हणून स्टुडिओत आरसा, फणी आणि पावडरचा डबा ठेवलेला असे, आणि तो केवळ नटण्यासाठी नसे. चेहऱ्यावर हलका पांढरा हात फिरवणे ही काचेच्या आंधळेपणाची भरपाई होती. या भरपाईतून पुढे गोरे दिसण्याची सवय लागली आणि सर्व रंग नीट ओळखणाऱ्या पँक्रोमॅटिक फिल्म सर्वत्र झाल्यानंतरही पावडर हलली नाही, हे मात्र रसायनशास्त्राच्या माथी मारता येत नाही.

संक्रांतीचा फोटो ही या संदर्भातली खरी कसोटी म्हणावी लागेल. नव्या सुनेला किंवा पहिल्या संक्रांतीच्या बाळाला काळे वस्त्र नेसवून वर हलव्याचे, म्हणजे काटेरी पांढऱ्या साखरफुटाण्यांचे, दागिने घालतात. म्हणजे एकाच चित्रात सर्वांत काळे आणि सर्वांत पांढरे शेजारीशेजारी येतात आणि मध्ये सावळा चेहरा राहतो. हलव्याचा काटा दिसावा इतका कमी उजेड दिला तर चेहरा बुडतो, चेहरा खुलवावा तर हलव्याचा पांढरा गोळा होतो. जाणता फोटोग्राफर दिवा किंवा खिडकी अंगाच्या एका बाजूला घेऊन हलव्यावर तिरपा उजेड पाडी आणि चेहऱ्यासाठी दुसरीकडून चादर धरी. नगाला नग मोजून दागिने करणाऱ्या आजीचे समाधान हलव्याचा काटा दिसला तरच होई, हे त्याला पक्के ठाऊक असे.

स्टुडिओची मागची भिंत म्हणजे पडदा. हे पडदे रंगवणारे हात बहुधा नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्याच परंपरेतले; कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी रंगभूमीचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वाट काढली, हे प्रसिद्धच आहे. महालाचे खांब, जिना, तळे, दूरचे झाड, आकाशातला चंद्र असे देखावे स्टुडिओच्या पडद्यांवर असत, आणि ते राखाडी व तपकिरी छटांतच रंगवणे सोयीचे असे, कारण काचेला रंग नीट कळत नव्हते. पडद्यापुढे स्टूल, कुंडी, नक्षीची खुर्ची, कधी पुस्तक, पुढच्या काळात रेडिओ किंवा टेलिफोन, आणि खुंटीला एक कोट व टाय. हा कोट सगळ्यांचा असे. धोतर-सदऱ्यात आलेला तरुण फोटोपुरता तो चढवी, मागून तो सैल असला तर फोटोग्राफर पाठीशी चिमट्याने आवळी, आणि कंबरेखालचे धोतर चौकटीबाहेर ठेवी. त्या कोटाची कुचेष्टा करणे सोपे आहे. पण ज्या मुलखात शाळा, नोकरी आणि तालुक्याची कचेरी यांची भाषा अनेक वर्षे परकी होती, तिथे तो कोट अर्जाच्या भाषेचाच एक भाग होता.

मागचा पडदा कोणता आणि पुढची वस्तू कोणती हे गिऱ्हाइकाने बोललेल्या एका वाक्यावरून ठरे. ‘स्थळासाठी पाहिजे’ म्हटले की मुलीचा उभा, नखशिखांत फोटो, कारण उंची व बांधा दिसला पाहिजे. त्याला ‘फुल साइज’ म्हणत. डोहाळेजेवणाचा असेल तर फुलांची वाडी, चंद्रकोर, झोपाळा किंवा धनुष्यबाण. बाळ पालथे पडू लागले की त्याचा उघडा, मान वर केलेला फोटो. नवरा-बायकोचा असेल तर नवरा खुर्चीत आणि बायको उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. पुढच्या पिढीत ती खुर्चीत आली आणि नवरा मागे गेला, त्यानंतर दोघे शेजारी उभे राहू लागले. घराच्या इतिहासात ज्या बदलाला तीन पिढ्या लागल्या तो भिंतीवर सलग पाहता येतो.

माणसाला बसवणे ही यापुढची तयारी, आणि ती भीतीपासून सुरू होई. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य घटते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या शहरांतही होती. गोध्रा येथे स्टुडिओ चालवलेल्या धुंडिराज फाळके यांचा पुढचा, बडोद्यातील छायाचित्रांचा धंदा याच अफवेने बसला असे सांगितले जाते. शिवाय जुन्या काचेला कित्येक सेकंद उजेड लागे, तेवढा वेळ डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावीत, आणि हा टेकू चित्रात येऊ न देणे हीच एक कला होती. जुन्या तसबिरींतले लोक रागावलेले किंवा शोकात असल्यासारखे का दिसतात याचे उत्तर बहुतेक वेळा इतकेच आहे की त्यांना हलू नका असे सांगितलेले होते, आणि हसू तेवढा वेळ टिकत नाही. फिल्म वेगवान झाली, पाचशे वॅटचे दिवे आले, उघडझाप सेकंदाच्या छोट्या अंशावर आली, तरी ‘हलू नका’, ‘हनुवटी जरा खाली’, ‘डोळे मिटू नका’ ही वाक्ये राहिली. ‘जरा हसा’ हे त्यांत सर्वांत उशिरा आलेले वाक्य आहे.

खरी कसरत अंधाऱ्या खोलीत होती. डेव्हलपर, म्हणजे काचेवर किंवा फिल्मवर दडलेले चित्र उघड करणारे द्रावण, वीस अंश सेल्सिअसला वापरावे असे डब्यावरच्या कागदात छापलेले असे. धाराशिवच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि टाकीतले पाणी दुपारी हाताला पोळते. अशा पाण्यात जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो आणि बोटाने सरकतोही. म्हणून उन्हाळ्यातले डेव्हलपिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करावे, द्रावणाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवावी, आणि हायपोमध्ये, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, तुरटी मिसळून थर घट्ट करून घ्यावा, हे उष्ण प्रदेशातल्या धंद्याचे ठरलेले उपाय होते. विहिरीचे पाणी जड, क्षारांचे. ते फिल्मवर वाळले की पांढरे ठिपके उरतात, म्हणून शेवटचे खळबळणे उकळून गार केलेल्या, पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात करावे लागे. आणि सर्वांत कठीण भाग पुढे. जाड कागदावरच्या फोटोतून हायपो पुरता निघून जाण्यासाठी तो वाहत्या पाण्यात सुमारे तासभर धुवावा लागतो. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी, जेव्हा घागरभर पाण्यासाठी मैलभर चालावे लागत होते, तेव्हा तासभर वाहते पाणी ही चैन होती. त्याऐवजी एकामागून एक बादल्यांत पाणी बदलून धुण्याची रीत पडली. हायपो मागे राहिलेला फोटो वर्षांनी पिवळा पडतो आणि कडांनी विरतो. या जिल्ह्यातल्या घरांमध्ये पिवळ्या पडलेल्या तसबिरी दिसतात त्यांचे वय मोजताना, त्या धुतल्या गेल्या त्या वर्षीच्या पावसाचाही हिशेब धरायला हवा.

धुऊन वाळलेल्या निगेटिव्हवर रिटचिंग होई. तिरप्या काचेच्या मेजावर, खालून उजेड घेऊन, निगेटिव्हला राळ व टर्पेंटाइनचा हलका लेप देत आणि टोकदार पेन्सिलीने डोळ्यांखालच्या सावल्या, देवीचे वण, सुरकुत्या भरून काढत. निगेटिव्हवर काळे भरले की फोटोत तेवढेच उजळ येते. हे काम पडदा आणि पावडर यांच्याइतकेच तयारीचे होते, कारण चांगला फोटोग्राफर बसवतानाच पुढे काय भरता येईल आणि काय येणार नाही याचा अंदाज घेई. पेन्सिलीने वण जात, पण चुकीच्या बाजूने पडलेली नाकाची सावली जात नसे. म्हणून ती आधीच टाळावी लागे. हातात फारच कमी दुरुस्ती होती, आणि त्या मर्यादेनेच आधीची तयारी शिस्तीची ठेवली होती.

तुळजापूरची गोष्ट थोडी निराळी. तिथे गिऱ्हाईक गावचे नसते. आश्विनातील नवरात्र, त्यापुढची कोजागिरीची पौर्णिमा आणि चैत्री पौर्णिमा या यात्रांना सोलापूरकडून आणि कर्नाटकातून चालत येणारी माणसे एक दिवस थांबतात आणि परततात. त्यामुळे तिथल्या फोटोची तयारी यात्रेकरूच्या घाईशी जुळवावी लागते: पडदा देवीचाच, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि फोटो गाडी सुटण्यापूर्वी तयार. कॅमेऱ्याच्या पेटीतच कागदाचे निगेटिव्ह काढून जागेवर धुऊन देणारे फिरते फोटोग्राफर भारतातल्या यात्रांत दीर्घकाळ होते. त्यांची जागा पोलरॉइडने, मग रंगीत लॅबने आणि आता काही मिनिटांत छापून देणाऱ्या प्रिंटरने घेतली. अशा फोटोत चेहऱ्यावरचा उजेड नीट नसला तरी चालतो, देवी मात्र पूर्ण दिसली पाहिजे. मुख्य विषय माणूस की देवी, हा प्रश्न तिथे फोटोग्राफरला पडत नाही.

राज्याने फोटो मागायला सुरुवात केल्यावर तयारीचा अर्थ बदलला. १९४८ नंतर शाळा-महाविद्यालये वाढली, परीक्षेच्या प्रवेशपत्रापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सर्वत्र लहान फोटो लागू लागला, आणि १९९३ मध्ये निवडणूक आयोगाने मतदारांना छायाचित्राचे ओळखपत्र देण्याचे ठरवल्यावर, ज्यांनी जन्मात स्टुडिओची पायरी चढली नव्हती अशा खेड्यांतल्या लाखो माणसांना कॅमेऱ्यासमोर बसावे लागले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर या जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावेही उद्ध्वस्त झाली, आणि दगडमातीच्या भिंतींबरोबर त्यांच्यावर टांगलेल्या तसबिरीही ढिगाऱ्यात गेल्या. गेलेल्या माणसाचा हार घालायचा फोटो हवा, तर लग्नातल्या समूहचित्रातून त्याचा एकट्याचा चेहरा वेगळा काढून मोठा करणे हे स्टुडिओंचे जुने काम होते. ते करताना फोटोग्राफरजवळ तयारी म्हणून एकच गोष्ट असे: नंबर घालून जपलेली निगेटिव्हची पाकिटे आणि त्यांची वही.

पुढचा भाग वाचकांच्या डोळ्यांदेखत घडला आहे, म्हणून त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म गेली, रंगीत लॅब आल्या आणि गेल्या, कॅमेरे डिजिटल झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिली आधार ओळख दिली गेली, आणि त्यानंतर कोट्यवधी माणसांचे चेहरे वेबकॅमेऱ्याने, पावडर, पडदा आणि ‘हनुवटी खाली’ यांच्यावाचून टिपले गेले. आधार कार्डावरचा फोटो हा घराघरांतला विनोदाचा विषय आहे त्याचे कारण, तयारीशिवाय काढलेले व्यक्तिचित्र कसे दिसते हे त्याने सर्वांना एकदमच दाखवले. दुसऱ्या टोकाला लग्नाआधीच्या जोडप्यांचे चित्रण आहे, ज्यासाठी नळदुर्ग किंवा परंड्याच्या किल्ल्यात दिवसभराचा बेत, तीन-चार पोशाख आणि आकाशात उडणारा ड्रोन लागतो. या दोन्हींच्या मध्ये तालुक्याचा नेहमीचा स्टुडिओ आहे, आणि तिथली खुंटी आता रिकामी आहे. कोट संगणकात गेला आहे. गिऱ्हाईक सदऱ्यात बसते, मागची भिंत पांढरी किंवा निळी असते, आणि फोटो काढून झाल्यावर फोटोग्राफर त्याच्या मानेखाली तयार कोट-टाय बसवतो, कातडी गुळगुळीत करतो, पार्श्वभूमी बदलतो. पूर्वी दहा मिनिटे बसवायला आणि क्षणभर फोटोला लागे. आता फोटो आधी होतो आणि दहा मिनिटे त्याच्यावर जातात. त्यात वेळ वाचतो, चूक सुधारता येते, आणि गरिबाच्या फोटोलाही श्रीमंताइतकी दुरुस्ती मिळते, हे मान्यच करायला हवे. पण फोटोग्राफर आणि समोरचा माणूस यांच्यातला जो संवाद पडदा सरकवताना, चादर धरताना, पदर नीट करताना होई तो या पद्धतीत उरत नाही, आणि चेहऱ्यावर त्याचा अभाव दिसतो. संगणकाला कातडी उजळवता येते, अवघडलेपण घालवता येत नाही.

या सर्व तयारीचा पुरावा आज दोन ठिकाणी आहे, स्टुडिओच्या माळ्यावरच्या निगेटिव्हच्या डब्यांत आणि घराघरांतल्या भिंतींवर व पेट्यांत. डब्यांना दमटपणा आणि वाळवी लागते, जुनी ॲसिटेट फिल्म व्हिनेगरसारखा वास सोडत कुजते, आणि दुकान बंद झाले की निगेटिव्ह त्यांतल्या चांदीसाठी भंगारात जातात. जिल्ह्यातील तेरला प्राचीन मृण्मूर्तींसाठी संग्रहालय आहे. शे-दीडशे वर्षांच्या चेहऱ्यांसाठी तशी जागा अजून नाही. तोपर्यंत प्रत्येक घराला करता येण्याजोगे काम आहे: जुना फोटो चौकटीतून काढावा, आणि त्याच्या पाठीवर, कडेजवळ, हलक्या हाताने, बॉलपेनने नव्हे तर मऊ पेन्सिलीने, त्यातल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव, साल आणि तो कुठल्या स्टुडिओत काढला हे लिहून ठेवावे.